आकड्याला दुसरा शब्द नसतो

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. आजच्या भागात मधेमधे शांतता येईल, एखादं अक्षर तीन-चार वेळा ऐकू येईल. तुमचं नेटवर्क गेलेलं नाही. मी बोलताना अडखळते आणि एडिटिंगमध्ये आम्ही ते कापलेलं नाही. दीडपट वेगाने ऐकत असाल तर आज मी बरोबर नॉर्मल वेगात ऐकू येईन.

तर विषय असा, की तोतरेपणा असताना फायनान्समध्ये करिअर करता येतं का? मी मुळात सॉफ्टवेअरवाली. बीटेक केलं तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, चला, बरं झालं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, बोलायचं काम नाही. आज मी ट्रेडिंग डेस्कची जोखीम मोजणाऱ्या टीमसाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि त्यातून निघालेले आकडे रोज सकाळी कॉलवर सांगते. बाजार सव्वानऊला उघडतो, त्याच्या आधी. म्हणजे बोलायचं काम आहेच, आणि तेही घड्याळाकडे बघत.

अडखळणाऱ्या माणसांची संख्या मोठ्यांमध्ये साधारण शंभरात एक धरतात. आणि आमच्यापैकी बरेच जण एका कलेत तरबेज असतात, ती म्हणजे शब्द बदलणं. पुढचा शब्द अडणार हे दोन शब्द आधीच कळतं. मग तोंडावर आलेला शब्द सोडून दुसरा धरायचा. दुकानात 'बटाटे' अडले की कांदे घेऊन घरी यायचं. समोरच्याला काही कळत नाही, आणि घरी दोन दिवस कांद्याचीच भाजी!

रोजच्या गप्पांमध्ये हे खपून जातं. फायनान्समध्ये खपत नाही, कारण आकड्याला दुसरा शब्द नसतो. 'पंचवीस लाख' अडलं म्हणून 'पाव कोटी' म्हणून बघा, कॉलवरचे सहा जण मनात हिशोब करत बसतात. 'बाय' अडलं म्हणून 'सेल' म्हणता येत नाही. बॉण्डचा 'भाव' अडला म्हणून 'यील्ड' वाढलं म्हणालात तर अर्थ बरोबर उलटा, कारण भाव वर गेला की यील्ड खाली येतं. कंपनीचं नाव बदलता येत नाही. आणि स्वतःचं नाव, जे आमच्यापैकी कितीतरी जणांचं सगळ्यात जास्त अडतं, तेही बदलता येत नाही.

म्हणजे हे क्षेत्र आपल्यासाठी नाही का? मला उलटंच वाटतं. इथे लपायला जागाच नाही, म्हणून इथे उघडपणे अडखळायला शिकावं लागतं. आणि सगळ्यात जास्त दमवतं ते लपवणं, अडखळणं नाही. एका बाजूला निफ्टी काय करतोय ते बघायचं आणि दुसऱ्या बाजूला 'न' कसा टाळायचा ते शोधायचं, ही डबल ड्युटी आहे.

चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकेतले वाचातज्ज्ञ होते, ते स्वतः अडखळायचे. त्यांचा भर यावर होता, की अडखळणं दाबू नका, ते सोपं करा. शब्दात अडकलात तर जोर लावू नका. पकड सैल करा आणि त्याच शब्दातून हळूच बाहेर पडा. शब्द मात्र तोच ठेवायचा. आमच्या धंद्याला याहून सोयीचा सल्ला नाही.

आता थोडा इतिहास. मुंबईच्या शेअर बाजारात एकेकाळी रिंगमध्ये ओरडून, हातवारे करून सौदे व्हायचे. तिथे माझं काय झालं असतं कोण जाणे. 1994 मध्ये एनएसई स्क्रीनवर सुरू झालं, 1995 मध्ये बीएसईनेही बोल्ट आणलं, आणि ओरडणं संपलं. पण बोलणं संपलं नाही. इंटरव्ह्यू, क्लायंटचे फोन, रिझल्टनंतरचे कॉल, सगळं आहेच.

मला एकदा एका सीनियरनी विचारलं होतं, "तुझे आकडे दुसऱ्या कुणीतरी सांगितले तर चालेल का? तुझा त्रास वाचेल." अगदी चांगल्या मनाने विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही सर, मीच सांगते. फक्त मिनिटभर जास्त द्या." कारण जो आकडा सांगतो त्यालाच प्रश्न विचारले जातात, आणि उत्तरं देता देताच माणूस धंदा शिकतो. तो मिनिट मी सोडला असता तर मी कोड लिहिणारीच राहिले असते.

आता कामाच्या गोष्टी.

एक, इंटरव्ह्यूत पहिल्याच मिनिटाला सांगा. "मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ लागेल, उत्तर पूर्ण देईन." एवढंच. सॉरी म्हणायचं नाही.

दोन, आकडा अडखळत आला तर तो पुन्हा एकदा सांगा आणि चॅटमध्ये टाका. 'पाच, पाच, पाचशे' हे ऐकणाऱ्याला तीन आकडे वाटू शकतात. यात कमीपणा नाही. फोनवर ऑर्डर घेणारा डीलरही ती परत वाचून दाखवतो, कारण अस्खलित बोलणाऱ्यांचंही चुकीचं ऐकलं जातं.

तीन, कुणी तुमचं वाक्य पूर्ण केलं तर शांतपणे आपलं वाक्य आपण पूर्ण करा. अंदाजाने भरलेला आकडा कुठल्याच डेस्कला नको असतो.

चार, एकटे राहू नका. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. तिथे सगळेच अडखळतात, त्यामुळे कुणालाच घाई नसते.

जनरल इलेक्ट्रिक वीस वर्षं चालवणारे जॅक वेल्चही अडखळायचे, हे तुम्ही एखाद्या मोटिव्हेशनल व्हिडिओत ऐकलं असेल. खरं आहे. पण सोमवारी सकाळच्या कॉलला जॅक वेल्च येत नाहीत. तिथे तुम्ही असता आणि तुमचा आकडा असतो. आकडा बरोबर असेल तर तो अडखळत आला तरी बरोबरच असतो. आणि चुकीचा आकडा कितीही घडाघडा सांगितला, तरी दुपारी साडेतीनला बाजार बंद होताना तो चुकीचाच निघतो.

या आठवड्यात एक करून बघा. जो शब्द तुम्ही नेहमी टाळता, तो एकदा मुद्दाम बोला. दुकानात बोला, फोनवर बोला, वेळ लागला तर लागू द्या. आणि अडखळत नसाल, तर समोरच्याला तो वेळ द्या.

भेटू पुढच्या भागात.