हसण्याची क्रियापदं

इंग्रजीत हसण्याच्या अनेक तऱ्हांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. खुदुखुदु हसणं म्हणजे गिगल, खो खो हसणं म्हणजे गफॉ, स्वतःशीच हळू हसणं म्हणजे चकल. चॉर्टल हा शब्द तर लुईस कॅरोलने १८७१च्या पुस्तकात स्वतः घडवला.

पण नीट ओळखायचा तो स्निकर. म्हणजे दुसऱ्यावर, तोंड दाबून, कुत्सित हसणं.

आमच्या मीटिंगमध्ये एक नवी मुलगी इंग्रजीत अडखळली की दोघं असंच हसायचे. टोकलं तर म्हणे, ‘अरे, चकल केलं फक्त!’ ती मात्र मीटिंगमध्ये बोलायचीच बंद झाली.

मराठीतही कुणासोबत हसणं वेगळं आणि कुणाला हसणं वेगळं, हो ना? हसताना एकदा बघा, समोरचाही हसतोय का. भेटू पुढच्या भागात!