आजोबांचं फाटक आणि माझं सिमेंट

आमच्या भिलाईत 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून इथलं लोखंड रूळ होऊन देशभर जातं. अशा गावात राहून लोखंडाच्या बाबतीत मी जी चूक केली, ती आज सांगणार आहे.

वऱ्हाडातल्या आमच्या जुन्या घराला आजोबांच्या वेळचं घडीव लोखंडाचं फाटक आहे. बाजूच्या कठड्याचे गज थेट काळ्या दगडात रोवलेले. फौजेतून निवृत्त झालो आणि ते नीटनेटकं करायला घेतलं. इन्स्पेक्शन आलं की दिसेल त्याला गेरू-चुना फासायचा, ही आमची सवय! गजांच्या बुडाशी एक मऊ, करडा धातू होता. मला वाटलं, कुणीतरी जुगाड केलाय. तो उकरून काढला, खाचा सिमेंटनं भरल्या, वर काळा रंग दिला. आई खूश झाली.

चौथ्या पावसाळ्यानंतर दोन चिरे उभे तडकले.

तो धातू म्हणजे शिसं होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. बंद खाचेत ती मिळाली नाही की तो दगड फोडतो. शिसं थोडं दबतं, गजाला बिलगून पाणी अडवतं. सिमेंट कडक. गज उन्हात फुगतो, रात्री आकसतो, केसाएवढी फट पडते आणि आत गेलेलं पाणी तिथंच राहतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये हेच झालं. प्राचीन ग्रीकांनी लोखंडी पट्ट्या शिशात बसवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाशिवाय लोखंड घातलं आणि संगमरवर फुटला. पुढे ते काढून टायटॅनियम घालावं लागलं. हे वाचून मला जरा धीर आला, खोटं कशाला बोलू?

मग एक लोहार आणि एक पाथरवट शोधले. सिमेंट छिन्नीनं काढलं, ड्रिल लावू दिलं नाही. गज गंज निघेपर्यंत घासले, खाचा पूर्ण कोरड्या केल्या. ओल राहिली तर वितळलेलं शिसं वाफेनं तोंडावर उडतं, धूरही विषारी. तेव्हा हा प्रयोग घरी करू नका. शिसं निवताना आकसतं, म्हणून बोथट छिन्नीनं ठोकून कडेला भिडवायचं. वर पाणी साचू नये असा उतार द्यायचा. रंग त्यानंतर.

तडकलेले चिरे बदलले नाहीत. आईनं नको म्हटलं. पायरीवर बसताना ती तिथंच हात टेकते. एका गजाच्या बुडाशी अजून माझं सिमेंट आहे. दिवाळीनंतर जायचंय.