शेवटचा धडधाकट क्षण

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णास दवाखान्यात आणताच डॉक्टर प्रथम विचारतात ते हे, की हा मनुष्य शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता. कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या मुदतीतच देता येते, आणि रात्री 10 वाजता नीट बोलून निजलेला गृहस्थ पहाटे 5 वाजता वाकड्या तोंडाने उठला, तर हिशेब बहुधा दहापासूनच धरावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आढळल्यास तेच औषध घातक ठरते. रक्तदाब 185/110 च्या वर असल्यास तो आधी उतरवावा लागतो. रक्तातील साखर घसरल्यानेही हुबेहूब अशीच लक्षणे उद्भवतात. म्हणून रुग्णास अखेरचे नीट पाहिलेल्या नातलगाने, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्यांची चिठ्ठी घेऊन, अवश्य सोबत जावे. त्याची साक्ष, माझ्या मते, यंत्राइतकीच मोलाची असते.