घराने उचललेला शाळेचा भार



संचमान्यता, वेतनेतर अनुदान आणि रिक्त पदे या विषयांवरचे ठराव उद्या मुख्याध्यापक संघाच्या या अधिवेशनापुढे येणार आहेत. म्हणून आज मी मुख्याध्यापकाच्या घराविषयी बोलणार आहे. हा विषय आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही, कारण तो ज्याचा त्याने सांभाळायचा खासगी मामला समजला जातो. फार तर एखाद्या प्रशिक्षणात वेळेच्या नियोजनावर व्याख्यान होते, पहाटे लवकर उठण्याचा आणि ध्यानधारणेचा सल्ला मिळतो, आणि आपण परत शाळेत येतो. माझे म्हणणे असे आहे की ही ओढाताण कोणाच्या स्वभावातून किंवा ढिसाळ नियोजनातून आलेली नसून पदाच्या रचनेतून आली आहे. शाळेतून माणसे कमी होत गेली आणि शाळेवरची कामे वाढत गेली. मधली तफावत कोणीतरी भरून काढत असतेच. ती मुख्याध्यापकाचे घर भरून काढते, आणि त्याची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही.

हे पद माणसाच्या वाट्याला आयुष्यात कधी येते, ते आधी पाहू. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनुसार मुख्याध्यापकपद मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. जिल्हा परिषदेतही पदोन्नतीची वाट ज्येष्ठता यादीतूनच जाते. म्हणजे पन्नाशीच्या आगेमागे खुर्ची मिळते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटते. याच सात-आठ वर्षांत घरात काय चाललेले असते? धाकटा बारावीला असतो, थोरलीच्या लग्नाची बोलणी सुरू असतात, आई-वडील किंवा सासू-सासरे ऐंशीकडे झुकलेले असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गुडघ्याचे दुखणे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणे-आणणे याच काळात येते. नोकरीतली सर्वांत जबाबदारीची वर्षे आणि घराला आपली सर्वांत जास्त गरज असण्याची वर्षे एकमेकांवर चढतात. हा कोणा एकाचा दैवयोग नाही. नियमानेच हे पद त्या वयात दिले जाते, तेव्हा त्या वयाचा विचार करण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्यांवर येते.

आता कामाकडे वळू. सरल, यू-डायस प्लस आणि शालार्थ या ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांचे आधार प्रमाणीकरण, आणि अलीकडे अपार क्रमांक. यांतली बहुतेक दारे मुख्याध्यापकाच्या नावाच्या लॉगिनने उघडतात आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. दिवसा सर्व्हर अडखळतो, म्हणून माहिती रात्री जेवणानंतर भरली जाते. सायंकाळी व्हॉट्सॲप गटावर ‘अतितात्काळ, आजच सादर करावे’ असा संदेश येतो आणि खाली तालुक्यातील प्रलंबित शाळांची यादी असते. आपल्या शाळेचे नाव त्या यादीत दिसू नये म्हणून माणूस ताटावरून उठतो. काम वाटून का देत नाही, असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदे मंजूर होणार ते, आधार जुळलेल्या पटावर ठरते. नावातल्या एका काना-मात्रेच्या चुकीने एक विद्यार्थी पटातून गळतो, आणि काठावरच्या पटसंख्येत तो एक विद्यार्थी एका शिक्षकाचे पद घेऊन जातो. एवढे पणाला लागलेले असताना नोंद स्वतः तपासल्याशिवाय कोणत्या मुख्याध्यापकाला झोप येईल? दुसऱ्या बाजूला, अनुदानित शाळांतील शिपाईपदांच्या जागी डिसेंबर २०२० च्या निर्णयाने भत्ता आला. लिपिकाची जागा अनेक शाळांत रिकामी आहे किंवा मंजूरच नाही. कुलूप उघडण्यापासून वेतनदेयक पाठवण्यापर्यंतची साखळी एका माणसापाशी येऊन थांबते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तथापि माहिती भरण्याचे काम शैक्षणिक मानायचे की अशैक्षणिक, हे त्या कलमात कुठेच स्पष्ट होत नाही, आणि आपली रात्र त्याच फटीतून जाते.

हा भार सगळ्या घरांवर सारखा पडत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असलेल्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. ही आकडेवारी साऱ्या देशाची आहे, केवळ मुख्याध्यापकांची नव्हे. पण आपल्या घरांची गोष्ट फार वेगळी असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. मुख्याध्यापकपदाची घडी ज्या काळात बसली, त्या काळात ‘सर’ उशिरा घरी आले तरी स्वयंपाक झालेला असे, मुलांचा अभ्यास झालेला असे, आजारी आईला औषध मिळालेले असे. पगारपत्रकावर एकच नाव असले तरी त्या पदामागे दोन माणसे राबत होती. आज त्याच खुर्चीवर बाई बसतात तेव्हा ते दुसरे माणूस कुठून आणायचे? शाळा सुटल्यावर त्या घरी जातात त्या दुसऱ्या पाळीसाठीच. पदोन्नतीची वेळ आली की काही शिक्षिका लेखी नकार देतात, आणि आपण त्याला अनुत्साह म्हणतो. माझ्या मते तो परिस्थितीचा अचूक हिशेब असतो. पण त्या नकारामुळे शाळा चांगल्या नेतृत्वाला मुकते.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. शिक्षण हे व्रत आहे, ज्यांनी महाराष्ट्रात शाळा उभ्या केल्या त्यांनी घराची पर्वा केली नाही, असे सांगितले जाते. त्या पिढीविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, म्हणूनच तिची गोष्ट पुरी सांगायला हवी असे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. महर्षी कर्वे यांच्या संस्थेची झळ संसाराला कशी लागली, हे त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांनी ‘माझे पुराण’मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे त्याग झाला तो दोघांचा झाला, आणि इतिहासाने बराच काळ एकाचीच नोंद मोठ्या अक्षरांत केली. शिवाय नवी संस्था शून्यातून उभी करणे वेगळे आणि शासनमान्य, अनुदानित व्यवस्था नित्यनेमाने चालवणे वेगळे. पहिल्या कामाला असामान्य माणसे लागतात. दुसरे काम सामान्य, प्रामाणिक माणसाला पेलेल असेच असायला हवे, कारण राज्यातल्या प्रत्येक शाळेला ते दररोज लागते. जे व्रत स्वेच्छेने घेतले जाते त्याला तेज असते. सेवाशर्ती म्हणून लादलेल्या त्यागाला व्रत म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोषण आहारातून विषबाधा झाली, सहलीत अपघात झाला, मुलीच्या सुरक्षेचा प्रश्न आला, तर उत्तर मुख्याध्यापकालाच द्यावे लागते. मग जबाबदारी वाटायची कशी? अंतिम उत्तरदायित्व एकाचे असावे, हे मला मान्य आहे. मात्र उत्तरदायित्व एकाचे असले म्हणून किल्ली, लॉगिन आणि सही एकाचीच असावी असे होत नाही. बँकेकडे पाहा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार संवेदनशील कामांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी लागते. ती रजा आधी न कळवता दिली जाते आणि त्या काळात कार्यालयीन ई-मेल वगळता कामाच्या साधनांशी त्यांचा संबंध राहत नाही. यात कर्मचाऱ्याची विश्रांती हा हेतू नाही. एका माणसावाचून अडणारी यंत्रणा धोक्याची असते, तिच्यातले दोष तो माणूस बाजूला झाल्यावरच दिसतात, म्हणून हा नियम. ठेवींच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो ती मुलांच्या बाबतीत का घेऊ नये? मुख्याध्यापक चार दिवस नसताना जी शाळा अडते, तिथली मुले तो असतानाही पुरेशी सुरक्षित नसतात.

शिक्षकांना सुट्या भरपूर, हा तिसरा आक्षेप समाजातून येतो. वर्गशिक्षकाला दीर्घ सुटी मिळते हे खरे. पण उन्हाळ्यात मुख्याध्यापक निकाल, दाखले, प्रवेश आणि पाठ्यपुस्तकांत असतो. रजेचे म्हणाल तर, २०१८ पासून राज्यात महिला कर्मचाऱ्यांना, आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही, संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. शासनाने ती दिली, हे चांगलेच केले. परंतु कार्यभार घ्यायला कोणी नसेल तर मुख्याध्यापिकेचा त्या रजेचा अर्ज टेबलाच्या खणातच राहतो. शिवाय आई-वडिलांच्या दुखण्यासाठी अशी स्वतंत्र रजा मुळात नाहीच, आणि पन्नाशीतल्या माणसाला गरज असते ती नेमकी तिची.

माझे विवेचन जिथे सर्वांत कमी पडते ती जागा मला माहीत आहे. दोन शिक्षकी शाळेत कामे वाटायची कोणाला? तिथे मुख्याध्यापकाचे पदच मंजूर नसते, एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळून प्रभार पाहतो. अशा शाळांसाठी उत्तर केंद्र, म्हणजे केंद्रशाळेभोवतीचा शाळांचा समूह, या पातळीवर शोधावे लागेल. केंद्रातल्या दहा-बारा लहान शाळांची ऑनलाइन माहिती भरणारा एक पूर्णवेळ लिपिक केंद्रशाळेत बसवला, तर तेवढ्या घरांतल्या रात्री मोकळ्या होतील. मोठ्या शाळांत पर्यवेक्षक किंवा ज्येष्ठ शिक्षकाला स्वतःच्या नावाचे लॉगिन आणि मर्यादित सहीचा अधिकार जूनमध्येच लेखी मिळावा. सायंकाळी सहानंतर आलेल्या, आपत्तीशी संबंध नसलेल्या मागणीची मुदत दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापासून मोजली जावी. या तीन मागण्या मी उद्याच्या ठराव समितीकडे लेखी देत आहे. चौथी गोष्ट शासनाकडे मागण्यासारखी नाही, ती आपल्या हातातली आहे. येत्या सत्रात प्रत्येकाने सलग चार दिवसांची रजा घ्यावी, कार्यभार लेखी सोपवावा, आणि त्या चार दिवसांत शाळेत कोणकोणते काम अडले याची यादी परत आल्यावर संघाकडे पाठवावी. शिक्षण आयुक्तांसमोर बसताना आपल्याजवळ तक्रारींऐवजी त्या याद्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे.