राखणारे आधीपासूनच असतात



कोलकात्यात लेखकांच्या मेळाव्याला एका मराठी माणसाला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवणे, हे या शहराच्या मोठ्या मनाचे लक्षण मानायला हवे. 1742 मध्ये आपले पूर्वज चालून येतील या धास्तीने इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. नागपूरकर भोसल्यांचे स्वार काही इथवर पोचले नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे त्यात कचरा साचला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून वर सर्क्युलर रोड झाला. बर्ग्यांची, म्हणजे त्या मराठी स्वारांची, भीती घालणारी अंगाई बंगाली घरांत अजून म्हणतात. तिच्याबद्दल मी सर्वांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करून टाकतो. पण खंदकाची गोष्ट काढली ती दुसऱ्या कारणासाठी. पाणी साचलेली जागा दिसली की ती बुजवायची आणि वर बांधायचे, ही शहरांची जुनी खोड आहे. त्या खोडीच्या आड या शहरात एक सरकारी नोकर उभा राहिला. आज मला प्रामुख्याने त्याच्याविषयी बोलायचे आहे.

मघाशी माझा परिचय करून देताना, मी वन्यजीव संवर्धनाचे नेतृत्व केले, असे सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या वनखात्यात मी नोकरी केली, एवढे खरे. पण नोकरीची सगळी वर्षे बघून माझे मत असे झाले आहे की, जंगल असो, तळे असो की खाडी, तिथे राखणारा माणूस आधीपासून असतो. खाते नंतर येते. पाटी लावते, कुंपण घालते आणि बहुतेक वेळा त्या माणसालाच बाहेर काढते. चांगल्या अधिकाऱ्याचे काम एवढेच की, तो माणूस ओळखायचा, तो काय करतो ते नीट समजून घ्यायचे आणि सरकारी कागदावर असे आणायचे की, आपली बदली झाल्यावरही ते पुसता येऊ नये. ऐकायला सोपे वाटते. पण हे करणारे अधिकारी मोजकेच निघाले, आणि त्यांतले दोन या बंगालचे.

पहिले ध्रुवज्योती घोष. ते वनाधिकारी नव्हते, स्थापत्य अभियंते होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगाल सरकारने त्यांच्याकडे एक काम सोपवले: कोलकात्याचे सांडपाणी शेवटी जाते कुठे आणि त्याचे होते काय, हे शोधा. प्रश्न वरवर बाळबोध होता. या शहराचा उतार हुगळीकडे नाही, पूर्वेकडे आहे. घोष नाल्यांच्या काठाने पूर्वेकडे चालत गेले आणि शहर संपले तिथे त्यांना भेऱ्या दिसल्या, म्हणजे मैलापाण्यावर चालणारी मासळीची उथळ तळी. एक-दोन नव्हे, शेकडो. कडेला धापा या कचराभूमीच्या कचऱ्यावर पिकवलेला भाजीपाला आणि पलीकडे तळ्यांतून निघालेल्या पाण्यावर भातशेती.

भेरी कशी चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातच सगळा मुद्दा आहे. हिवाळ्यात तळे कोरडे करतात. गाळाला ऊन दाखवतात, नांगर फिरवतात, चुना टाकतात. मग नाल्याचे पाणी आत घेतात आणि काही दिवस त्याला हात लावत नाहीत. तळे कमरेएवढे किंवा जरा जास्त खोल, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचते. जिवाणू घाण कुजवतात. शेवाळ त्यावर पोसते आणि उन्हात प्राणवायू सोडते. तोच प्राणवायू जिवाणूंना लागतो. पाण्याचा काळा रंग जाऊन हिरवा येतो. कोळी बोटाने आणि नाकाने पारख करतो आणि मगच रोहू, कटला, मृगळ यांची पिल्ले सोडतो. कडेने जलपर्णीची पट्टी राखलेली असते; लाटांनी बांध ढासळू नये आणि जड धातू थोडे शोषले जावेत म्हणून. आपल्याकडे जलपर्णी काढायच्या निविदा निघतात. इथे ती जपून वाढवतात! लाखो लोकांचे सांडपाणी असे विजेविना, यंत्राविना शुद्ध होते, वर शहराला ताजी मासळी आणि भाजी मिळते. हे कुणा विद्यापीठाने शिकवलेले नव्हते. विद्याधरी नदी गाळाने मेली, तिची खारी तळी ओस पडली, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी मैलापाण्यावर जुगार खेळून हे शास्त्र बसवले.

घोष यांनी नवे काहीच बांधले नाही. त्यांनी नकाशा काढला. कुठली तळी, कुठले नाले, कुठली शेती या व्यवस्थेत येते, ते आखून सीमा ठरवली. सरकारी अभियंत्याने नवा प्रकल्प न सुचवता, आहे ते बरे चालले आहे असा अहवाल द्यायचा, यात केवढे धाडस आहे ते नोकरी केलेल्यांनाच कळेल. अंदाजपत्रक नाही, ठेकेदार नाही, उद्घाटन नाही!

पुढे या जमिनीवर जागतिक व्यापार केंद्र उभारायचे घाटले, तेव्हा इथलीच एक नागरिक संस्था उच्च न्यायालयात गेली. 1992 मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळीच्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली आणि त्या निर्णयाला टेकू मिळाला तो घोष यांच्या नकाशाचा. सरकार प्रतिवादी आणि सरकारी नोकराचा नकाशा पुरावा, ही परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. 2002 च्या ऑगस्टमध्ये पूर्व कोलकात्याची 12,500 हेक्टर पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. 2006 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घोष 2018 मध्ये गेले. त्यानंतरही तळ्यांत भराव पडतच आहे, आणि बेकायदा बांधकामे न्यायालयापुढे येतच आहेत. पण भांडायला हातात नकाशा आहे. सॉल्ट लेकची पाणथळ बुजवली, त्या वेळी तो नव्हता. म्हणून तिथे आज बिधाननगर आहे.

दुसरे अजितकुमार बॅनर्जी. 1971-72 च्या सुमारास ते मेदिनीपूरच्या आराबारी भागात वनसंशोधनाचे काम पाहत होते. सालाच्या जंगलात त्यांचे प्रयोगाचे वाफे होते आणि ते टिकत नव्हते, कारण आसपासच्या गावांची चूलच लाकूडफाट्याच्या विक्रीवर पेटत होती. आमच्या खात्याची रीत अशी की, अशा वेळी पी.ओ.आर., म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडायचा, कुऱ्हाड जप्त करायची. बॅनर्जी गावात जाऊन बसले. राखणीचे काम तुमचे, रोपणीची मजुरी तुमची, आणि जंगल तयार होऊन तोडीला आले की उत्पन्नाचा 25 टक्के वाटा तुमचा, असा त्यांनी शब्द दिला. 1,272 हेक्टर जंगल, 11 गावे, 618 कुटुंबे. सालाचा गुण असा की, बुंधा जिवंत असला आणि कुणी तोडले नाही, तर तो आपोआप फुटतो. दहा-बारा वर्षांत उजाड माळाचे बन झाले.

मला इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. बॅनर्जींनी जो वाटा कबूल केला, तो द्यायचा अधिकार त्यांना त्या वेळी नव्हता. सरकारची मान्यता मिळाली ती 1987 मध्ये! पंधरा वर्षे गावांनी एका अधिकाऱ्याच्या शब्दावर जंगल राखले. 1989 मध्ये राज्याने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव केला, 1990 च्या जूनमध्ये केंद्राचे परिपत्रक निघाले आणि आपल्याकडच्या वनसमित्या त्यातूनच जन्मल्या. त्या समित्यांचे पुढे बऱ्याच ठिकाणी काय झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे; अध्यक्ष गावचा, चेकवर सही वनपालाची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने त्यावरचे उत्तर काढले. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क त्या गावाने कागदावर मिळवला. आराबारीला जे कृपा म्हणून मिळाले, ते मेंढ्याला हक्क म्हणून मिळाले. माझ्या मते एवढे अंतर कापायला आपल्याला चाळीस वर्षे लागली, हे काही भूषण नाही.

उलट उदाहरणही आपल्याच घरचे आहे. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकाचे अभयारण्य जाहीर झाले: 8,496 चौरस किलोमीटर. नकाशावर रेघ ओढताना आत किती गावे, बाजारपेठा, उसाचे मळे येतात ते कुणी पाहिले नाही. जमीन विकायची, घर बांधायचे, तर मध्ये माळढोक. ज्या धनगराच्या मेंढ्यांमुळे आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या कुसळी माळामुळे तो पक्षी टिकला होता, त्याच माणसांना तो नकोसा झाला. पुढे क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरांवर आणले, तोवर उशीर झाला होता. पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. आज त्या अभयारण्यातल्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तर बातमी होते. अभयारण्याचा आकार हा संवर्धनाचा पुरावा नसतो, हे मी प्रशिक्षणार्थींना नेहमी नान्नजवरून सांगत आलो.

सुंदरबनाबद्दल इथे येऊन बोलले नाही तर चालणार नाही, म्हणून थोडक्यात. ऐंशीच्या दशकात तिथे प्रणवेश सन्याल आणि त्यांचे सहकारी होते. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून मध गोळा करणाऱ्या मउल्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायला त्यांनी दिला. काही काळ त्याचा गुण आला. पण खरे काम होते ते मउल्याला गुन्हेगार न समजण्याचे. वाघ वाचवायला नेमलेला अधिकारी मध काढणाऱ्याच्या जिवाची काळजी करतो, हे त्या गावांनी पाहिले. आपल्या किनाऱ्यावरही वनखात्याच्या कांदळवन कक्षाने 2012 पासून असेच धोरण ठेवले. सिंधुदुर्गात कांदळवनालगत खेकडे पाळायला बचत गटांना हाताशी धरले, ठाणे खाडीत 2015 मध्ये रोहितांसाठी अभयारण्य केले. राज्यातले कांदळवन 2013 मध्ये 186 चौरस किलोमीटर होते, ते 2017 च्या मोजणीत 304 भरले. त्यात उपग्रहाच्या नजरेचा वाटा किती आणि चिखलात उतरलेल्यांचा किती, यावर वाद घालता येईल. आधी मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश होता आणि मग कक्ष आला, हा क्रम मात्र लक्षात ठेवा. कागदाशिवाय चिखलात उतरूनही उपयोग नाही.

आता साहित्याकडे येतो. नाहीतर संयोजक म्हणतील, बोलावले लेखकांच्या मेळाव्याला आणि हा वनखात्याचा वार्षिक अहवाल वाचतो आहे.

मारुती चितमपल्ली आमच्या खात्याचे. 36 वर्षे नोकरी, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून निवृत्त, 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेखनाची वाखाणणी भाषेसाठी होते आणि ती योग्यच आहे. मला त्यांचे मोठेपण वेगळ्या जागी दिसते. नवेगावबांधला बदलून गेल्यावर ते माधवराव पाटील डोंगरवार यांच्यामागे वहीपेन्सिल घेऊन फिरले. अधिकारी शिष्य आणि तळ्याकाठचा पाटील गुरू, ही उतरंड खात्याला मानवणारी नव्हती. पक्ष्यांची, झाडांची, माशांची जी नावे ढीवर, गोंड, कोहळी लोकांच्या तोंडी होती, ती त्यांनी छापील पानावर आणली. घोष यांनी नकाशाने केले तेच काम त्यांनी कोशांनी केले.

आणि तळ्यांचेच बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, ते कोहळी समाजाने बांधले. संख्या सहा हजारांवर. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि दरसालचा गाळ काढणारे, पाळ दुरुस्त करणारे हात सुटले. तिथे मासा कमी झाला, पाणपक्षी कमी झाले. कोलकात्याच्या भेरीत कोळी राहिला म्हणून पाणी राहिले. आमच्या मामा तलावांवर राखणाऱ्याचा हात सुटला, त्याची किंमत आम्ही मोजतो आहोत. तरुण संशोधकांनी या दोन्ही पाण्यांचा एकत्र अभ्यास करावा. असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या नोकरीतली मोठी अडचण बदली ही आहे. तीन वर्षांत चार्ज द्यायचा. चार्जच्या यादीत जीप, वायरलेस संच, खुर्च्या, टेबले असतात. कुठल्या गावाला कोणता शब्द दिला आहे, त्याची नोंद नसते. नवा साहेब येतो आणि शब्द हवेत विरतो. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक चार्जसोबत अशी लेखी टिपणी सक्तीची करा, आणि ती मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशी. इंग्रजी कार्य आयोजना गावाने वाचायची तरी कशी?

कोलकात्याच्या मराठी मंडळींकडेही एक मागणे आहे. सखाराम गणेश देउस्करांनी याच शहरात बंगालीतून लिहून बंगाल हलवला होता. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. भेरीवरच्या कोळ्यांची, आराबारीच्या समित्यांची, सुंदरबनातल्या मउल्यांची माहिती त्यांच्याच तोंडून घेऊन मराठीत आणा, आणि नान्नजची, मेंढा-लेखाची हकिकत बंगालीत न्या. भेऱ्या इथून तासाभराच्या अंतरावर आहेत. थंडीत तळी उपसतात, तेव्हा जा.

आणि संयोजकांना शेवटची विनंती. माझ्यासारखे निवृत्त साहेब पुष्कळ मिळतील, त्यांची भाषणेही साधारण अशीच होतील. पुढच्या वर्षी या खुर्चीवर एखाद्या वनमजुराला बसवा, ज्याने एकाच बीटमध्ये तीस उन्हाळे वणवे विझवले आहेत. त्याला भाषण लिहायला सांगू नका. नुसते विचारा आणि लिहून घ्या.