बयाची लावणी आणि चौफुल्याची वाट



शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेला निघालं की भीमा लागते. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका, आणि थोडं पुढं गेलं की चौफुला. शिरूर-सातारा रस्ता इथं पुणे-सोलापूर महामार्गाला छेदून जातो. ट्रकवाले इथं चहाला थांबतात, मोरगावच्या गणपतीला जाणारे इथंच वळतात आणि लावणीचे शौकीनही इथंच उतरतात. चौफुल्याची ओळख कला केंद्रांची, संगीत बारीची. माझं गाव शिरूर तालुक्यात आणि नोकरी दौंड तालुक्यात, त्यामुळं या रस्त्यानं मी आयुष्यभर ये-जा केली. आज बोलायचं आहे ते मात्र एका जुन्या चित्रपटाबद्दल आणि त्या निमित्तानं माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

चित्रपटाचं नाव 'लोकशाहीर राम जोशी'. साल १९४७. निर्मिती राजकमल कलामंदिरची, दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं. लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिळेदार राम जोशी झाले होते आणि हंसा वाडकर तमाशातली बया. पेशवाईच्या उत्तरकाळातला सोलापूरचा एक ब्राह्मण मुलगा लावणीच्या नादानं घराबाहेर पडतो, वेदशास्त्र शिकूनही पुन्हा डफ-तुणतुण्याकडं वळतो, त्याची ही गोष्ट. हा चित्रपट चालला आणि मराठीत तमाशापटांची रांगच लागली. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला, तो पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यातही हंसाबाई होत्याच.

मी 'राम जोशी' पाहिला तो प्रदर्शित झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, गावच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. मी दहा-बारा वर्षांचा असेन. बायकांच्या बाजूला आजीच्या मांडीशी बसलो होतो. याच जत्रेत माळावर तमाशाची कनात लागायची, पण घरातल्या बायांनी तिकडं मान वळवायची नाही, असा दंडक. ढोलकी घुमू लागली की आजी दाराला कडी लावायची. तीच आजी त्या रात्री पडद्यावरची लावणी पापणी न हलवता ऐकत होती. हंसाबाई १९४१ साली प्रभातच्या 'संत सखू'त सखू झाल्या होत्या आणि आजीनं तो चित्रपट पाहिला होता. घरी जाताना ती आईला म्हणाली, "सखूच ती. तिला कोण नावं ठेवील?"

आजीसारखीच असंख्य घरांची सोय या चित्रपटानं केली. गंमत बघा, स्वातंत्र्याच्या आसपास याच मुंबई इलाख्यात सरकारनं खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आणली होती. पुढं ती उठली, सुधारणेसाठी समिती नेमली गेली. म्हणजे तंबूतल्या बाईवर पहारा आणि पडद्यावरच्या बाईला टाळ्या, अशी ती तऱ्हा.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस शहरात टँगो नावाचा नाच आणि गाणं आहे. तेही बंदराजवळच्या गरीब वस्त्यांतून आलेलं, सभ्य घरांनी नाक मुरडलेलं. १९३३ साली तिथं 'टँगो!' याच नावाचा बोलपट निघाला, त्या देशाच्या पहिल्या बोलपटांपैकी एक. त्यात आसुसेना माइसानी, लिबेर्ताद लामार्के, तीता मेरेयो अशा टँगो गाणाऱ्या बायाच पडद्यावर आल्या. ज्यांचं गाणं, त्यांचाच चेहरा. २००९ साली युनेस्कोनं टँगोला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. हे वाचलं तेव्हा मला चौफुला आठवला, आणि तिथली एक मुलगी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हायस्कुलात शिकवत होतो. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई बारीत गायची. बारी म्हणजे तमाशाचा फड नव्हे. फडात गण, गौळण, बतावणी, वग असं सगळं असतं. संगीत बारीत वग नाही, समोर बसलेल्या मोजक्या माणसांसाठी पेटी, तबला, ढोलकीवर लावणी गायची आणि नुसत्या डोळ्यांनी, बोटांनी अदा करायची. फार अवघड विद्या आहे ती.

स्नेहसंमेलन जवळ आलं. नाचाच्या यादीत दोन मुलींनी लावणी लिहिली होती. एक बागायतदाराची मुलगी, टेपरेकॉर्डरवर 'राम जोशी'तली लावणी लावून नाचणार होती. दुसरी ही. तिलाही राम जोशींचीच लावणी करायची होती, पण आईकडून आलेल्या चालीवर, स्वतः गाऊन. मी तिचं नाव खोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. पालक काय म्हणतील, एवढाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. डोक्यावर पदर, पायात साध्या वहाणा. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "गुरुजी, लावणी वाईट म्हणून पोरीचं नाव काढलं असतंत तर मी गप बसले असते. पण लावणी तर तुम्ही ठेवलीय. मग काढलंत ते काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ती नमस्कार करून निघून गेली. संमेलनात बागायतदाराच्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. ते तिच्या हातात दिलं मीच.

पुढच्या वर्षी यादीत त्या मुलीचं नाव सगळ्यात वर लिहायचं, असं मी ठरवलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. चौकशी केली तर, मायलेकी दुसऱ्या गावच्या थिएटरवर गेल्या, एवढंच कळलं.

'लोकशाहीर राम जोशी' मला आजही आवडतो. वसंत देसाईंची ढोलकी ऐकली की अंगावर काटा येतो, आणि हंसाबाईंसारखी बया पुन्हा झाली नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या चित्रपटानं लावणीला माजघरापर्यंत आणलं, हे त्याचं मोठं काम. जिची लावणी, तिलाही आत घ्यायचं काम मात्र चित्रपटाचं नव्हतं. ते माझ्यासारख्यांचं होतं, आणि माझ्यापुरतं ते एका यादीवरच्या एका नावाइतकंच होतं.

परवा पुन्हा चौफुल्यावरून गेलो. गाडी थांबवून चहा घेतला. संध्याकाळ झाली होती, आतून कुठून तरी पेटीचे सूर लावल्याचा आवाज येत होता. चहा संपला तरी मी तिथंच उभा राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)