कपडा कुणाच्या मर्जीचा?

बारमध्ये, क्लबमध्ये रात्री काम करणाऱ्या बायकांना मालक जे तोकडे, घट्ट, गिऱ्हाइकाची नजर खेचणारे कपडे घालायला लावतो, त्यात बाईचा अपमान आहे का, हा आजचा विषय. तो निघाला की आपल्या शहरात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी तुम्ही पाहिली असतील. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक नर्तकी कोरली आहे. मधे ती, दोन्ही बाजूंना तीन-तीन वादक, आणि सातही जणी बायका. सहाव्या शतकातलं काम. नर्तकीच्या अंगावर दागिने भरपूर, कापड नावापुरतं. मग लोक म्हणतात, आपल्या पूर्वजांना त्यात काही वावगं वाटलं नाही, तर आजच एवढा गहजब कशाला?

मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. दगडातल्या त्या नर्तकीला मालक नाही. तिचं पोट टिपवर नाही. रात्री एक वाजता सिडकोकडे जायला तिला रिक्षा शोधावी लागत नाही. कपडा नोकरीची अट झाला की सौंदर्यशास्त्राची चर्चा बाजूला पडते आणि साधे प्रश्न पुढे येतात. तो कपडा ठरवला कुणी? नको म्हटलं तर काय होतं?

महाराष्ट्रात याची सगळ्यात मोठी लढाई झाली ती डान्सबारवरून. आणि गंमत अशी, की तिथल्या मुली अंगभर कपड्यांत नाचत. घागरा-चोली नाहीतर झुळझुळीत साडी, टिकल्यांचं काम, केसांत गजरा. त्याच वर्षांत थिएटरात लागणाऱ्या हिंदी सिनेमातल्या नायिकेच्या अंगावर याहून कमी कापड असे, हा मुद्दा बारबालांच्या बाजूनं कोर्टातही मांडला गेला. तरी सरकारनं ठरवलं की हे अश्लील आहे. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा. मुंबई पोलीस कायद्यात 33अ आणि 33ब अशी दोन कलमं घातली गेली आणि 2005च्या 15 ऑगस्टपासून डान्सबार बंद झाले.

आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शेत विकून आलेला पैसा पनवेलच्या बारमध्ये उडवणाऱ्या पोरांच्या आया त्यांच्याकडे रडत येत असणार. पण कायदा वाचला की डोळे विस्फारतात. परमिट रूममधला नाच बंद, पण तीन आणि त्याहून जास्त ताऱ्यांची हॉटेलं, सभासदांपुरते जिमखाने यांना सूट! म्हणजे नाच तोच, बाईही तीच. समोरचा माणूस श्रीमंत असला की अश्लीलता संपली. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. ज्या बाईला नाचायला बंदी होती, तिलाच त्याच हॉलमध्ये, त्याच गिऱ्हाइकाच्या टेबलावर वाकून दारू वाढायला बंदी नव्हती. कित्येक जणींनी पायातले घुंगरू काढले आणि हातात ट्रे घेतला. स्त्रीच्या प्रतिष्ठेची बाब एवढ्यावर आली.

बारबालांची संघटना कोर्टात गेली. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आणि स्त्रियांचा एक गट यांनी मिळून पाचशे बारबालांशी बोलून अहवाल तयार केला. त्यातून दिसलं ते असं, की पळवून आणून कोंडलेल्या मुली हे सरकारनं रंगवलेलं चित्र पुरं नव्हतं. पुष्कळ जणी घर चालवत होत्या आणि बऱ्याच जणी पिढ्यान् पिढ्या नाच-गाण्यावर जगणाऱ्या जातींतून आल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं 12 एप्रिल 2006 रोजी बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं 16 जुलै 2013 रोजी तोच निकाल कायम केला आणि औषध रोगापेक्षा जालीम ठरलं, अशा अर्थाचं मत नोंदवलं. काम गेल्यावर अनेक जणींना देहविक्रीकडे वळावं लागलं होतं.

सरकारनं 2014 साली पुन्हा बंदी आणली, ती कोर्टात अडकली. मग 2016चा कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात अश्लील नृत्याला मनाई आहे आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षणही आहे. या संरक्षणाची रीत कशी? तर हॉलभर सीसीटीव्ही. बाईची अब्रू राखायची म्हणून तिच्यावर कॅमेरा रोखायचा! 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कॅमेऱ्याची अट खोडली. लेखी करार आणि मोबदला बँकेच्या खात्यात, ही अट मात्र ठेवली. माझ्या मते त्या सगळ्या कायद्यात बाईच्या खऱ्या उपयोगाचं होतं ते एवढंच. आणि वर्तमानपत्रांतल्या चर्चेत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे नोटा उधळता येतील की नाही यावरच बोलत राहिले.

आता कापड खरंच कमी असतं तिथे काय होतं, तेही पाहू. अमेरिकेत 1960 साली प्लेबॉय क्लब निघाला. तिथल्या वाढप्या मुलींना सशाचे कान, मागे कापसाचं शेपूट आणि अंगाला चिकटलेला काचोळीसारखा पोशाख. ग्लोरिया स्टायनम ही पत्रकार 1963 साली खोट्या नावानं तिथे नोकरीला लागली आणि आतली हकीकत लिहून मोकळी झाली. पोशाख इतका घट्ट, की श्वास घेणं मुश्कील. छातीशी भराव हवा म्हणून लाँड्रीच्या प्लास्टिकच्या पिशव्या कोंबायच्या. उंच टाचांवर रात्रभर उभं राहून पाय सुजलेले. नोकरीआधी डॉक्टरकडून नको ती तपासणी. आणि ज्या पोशाखानं मालकाचा धंदा चालायचा, त्याच्या देखभालीचे पैसे मुलींच्याच पगारातून कापलेले! मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ही कपात. बाईला शोभेची वस्तू तर करायचंच, वर त्या वस्तूचा देखभालखर्चही तिनंच भरायचा.

हाच क्लब पुढे गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर यायला निघाला. भारतासाठी पोशाख जरा झाकलेला करू, असं कंपनी आधीच म्हणत होती. गोव्यात ओरड झाली, आमदार मायकल लोबो उपोषणाची भाषा बोलले आणि 2013 साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं परवानगी नाकारली. कारण दिलं ते तांत्रिक, की किनाऱ्यावरचे शॅक कंपन्यांना देता येत नाहीत. पुढच्याच वर्षी क्लब हैदराबादला उघडला. कंपनी दोन वीत कापड वाढवायला एका पायावर तयार होती, हे लक्षात घ्या. ठरवणारे तेच राहणार असतील तर कापड वाढवण्यात त्यांचं काय जातं?

उलट नऊवारीकडे बघा. लावणीवाली टाचेपासून गळ्यापर्यंत झाकलेली, पायात किलो-किलोंची चाळ. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तिच्या तमाशावर अश्लील म्हणून बंदी घातली होती. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, म्हणून आपण त्यातून सुटलो. पुढे बंदी उठली, पण वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, आधी तपासून घ्या, ही अट आली. इतिहासकार शैलजा पाईक यांनी 2022च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे, की हा अश्लीलतेचा शिक्का दलित तमासगीर बायकांवर त्यांच्या जातीसकट बसत आला. तीच लावणी वरच्या घरातल्या मुलीनं गॅदरिंगमध्ये केली की कौतुकाच्या टाळ्या.

पण लावणीच्या संगीत बारीत एक गोष्ट अशी आहे, जी क्लबमध्ये नाही. तिथे पार्टीची मालकीण बाईच असते, बहुतेक वेळा स्वतः नाचलेली. साडी कोणती, बैठक कुणासाठी, दौलतजादा, म्हणजे गिऱ्हाइकानं उधळलेला पैसा, कसा वाटायचा, हे ती ठरवते. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला दार दाखवायची ताकदही तिच्यात असते. थिएटरमालक आपला वाटा घेतो, आणि मुलगी या पेशात आली ती जातीच्या वाटेनंच. तेव्हा मी याला स्वर्ग म्हणणार नाही. पण हुकूम आपल्यातल्याच एकीचा असला की अपमानाची धार कमी होते, एवढं मला नक्की वाटतं.

राज्यातली बरीचशी बिअर आपल्याच शहराच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्यांतून बाहेर पडते, तेव्हा हा धंदा दूर मुंबईतला आहे असं आपण म्हणू नये. कुठेही धाड पडली की दुसऱ्या दिवशीचा फोटो ठरलेला: ओढणीत तोंड लपवून रांगेत बसलेल्या बायका. मालकाचा फोटो मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. मालकानं धंद्यासाठी ठरवलेला, नाकारता न येणारा, गिऱ्हाइकाला चाळवण्यासाठीच शिवलेला पोशाख अपमानकारकच आहे, मग तो गुडघ्याच्या वर असो की घोट्यापर्यंत. आणि एखादी बाई म्हणाली, की मला हा चालतो, मी यातून घर चालवते, तर तिला लाज काढून गप्प करणं हा दुसरा अपमान. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते. अंगावर काय घालायचं, याला मात्र तिची संमती विचारा, असं त्यात कुठे नाही. ते कलम हवं. तोवर 2013चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासून, म्हणजे गिऱ्हाइकांपासूनसुद्धा, सुरक्षित जागा देणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या बारमधली वाढपीही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देऊ शकते. लिहिता येत नसेल तर ती लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. तुमच्या ओळखीत कुणी असं काम करत असेल, तर हे तिच्या कानावर घाला.